जपानमधली लाल पानं उशिरा कशी बघायची : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जपानला पानं बघायला जायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, पीक, म्हणजे रंगाचा ऐन बहर, कधी असतो? माझं सरळ मत आहे की पहिल्यांदा जाताय तर पीकच्या मागे लागूच नका, तो उतरायला लागला की जा. साधारण २७-२८ नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या १०-१२ तारखेपर्यंतचे दिवस धरा. टूरच्या बसेस कमी झालेल्या असतात, हॉटेलवाल्यांचे दर जरा जमिनीवर आलेले असतात, आणि मेपलची निम्मी पानं झाडावर तर निम्मी खाली अशी स्थिती असते. ही खाली पडलेली पानंही मुद्दाम बघायची असतात बरं का, शेवाळावर लाल सडा पडलेला बघायला तिथले लोक रांगा लावतात, त्याला शिकी-मोमिजी म्हणतात. आपल्याकडचे लोक मात्र मान वर करून फोटो काढतात आणि "अरे यार, झाडं रिकामी झाली" म्हणत निघून जातात.

आता एकेक करून सांगते.

पहिली गोष्ट, तारीख

पानांचा रंग ठरतो थंडीवर. रोजचं किमान तापमान साधारण ८ अंशांच्या खाली यायला लागलं की झाड पानातलं हिरवं द्रव्य मोडायला घेतं. गिंको नावाच्या झाडाच्या पानात आधीपासून दडलेला पिवळा मग दिसायला लागतो, आणि मेपलमध्ये लाल द्रव्य नव्याने तयार होतं. त्यामुळे दिवसा ऊन आणि रात्री चांगली थंडी असं हवामान मिळालं तर लाल जास्त भडक. हा रंग सप्टेंबरमध्ये होक्काइदोच्या डोंगरांवर सुरू होतो आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे, वरून खाली असा सरकत येतो. म्हणजे उशिरा जायचं तर जागा निवडताना नियम सोपा: कमी उंची, शहराच्या आत किंवा समुद्राजवळ, आणि शक्यतो वाऱ्यापासून आडोसा असलेली.

इथे आपल्या लोकांची एक नेहमीची अडचण येते. मुलांना सुट्टी दिवाळीची असते, म्हणून तिकिटं दिवाळीची काढतात, आणि क्योटोला पोचून बघतात तर मेपल बरेचसे हिरवेच. दिवाळीच्याच सुट्टीत जायचं असेल तर निक्को वगैरे उंचावरच्या जागा बघा. क्योटो, कामाकुरा आणि टोकियोच्या बागांसाठी मात्र रजा टाकावी लागते, आणि ख्रिसमसची सुट्टी लागेपर्यंत सगळं संपलेलं असतं, म्हणजे तिथेही उपयोग नाही.

२३ नोव्हेंबरला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, त्याला जोडून येणारा वीकेंड क्योटोत घालवू नका. गर्दी आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

नोव्हेंबर लागला की जपानी हवामानाच्या साइट्सवर प्रत्येक बागेसमोर रंगाची स्थिती रोज टाकतात. फोनचं भाषांतर कधीकधी भलतंच काही दाखवतं, म्हणून चार शब्द माहीत असू द्या. इरोझुकी-हाजिमे म्हणजे रंग धरायला लागलाय, मिगोरो म्हणजे आत्ता या, इरोआसे म्हणजे उतरायला लागला, आणि राकुयो म्हणजे गळती. मिगोरो ते इरोआसे यांच्या मधे तुमचे दिवस पडले तर समजा छान जमलं. तिकीट तर आधीच काढलेलं असतं, म्हणून शहर पक्कं ठेवा आणि कुठल्या दिवशी कुठली बाग हे मात्र आदल्या रात्री ठरवा, हा एवढा मोकळेपणा प्लॅनमध्ये ठेवलात की निम्मं टेन्शन जातं.

दुसरी गोष्ट, जागा

टोकियोत फार वेळ घालवणार नसाल तर एकच बाग करा, रिकुगिएन. १७०२ साली यानागिसावा योशियासु नावाच्या सरदाराने करवून घेतलेली, मधे तळं, भोवती फिरायची वाट, टेकडीवर चढून वरून बघायची सोय. यामानोते लाइनच्या कोमागोमे स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं. दिवसाचं तिकीट ३०० येन, संध्याकाळच्या लायटिंगचं वेगळं असतं. कोइशिकावा कोराकुएनही चांगली आहे, १६२९ ला सुरू झालेली, आणि तिच्या कुंपणापलीकडे टोकियो डोमचं पांढरं छप्पर दिसतं ते कुणाला खटकतं, मला मजा वाटते. मेइजी जिंगू गाइएनची १४६ गिंको झाडांची पिवळी रांग बघायला काही तिकीट नाही, पण डिसेंबर लागल्यावर आठवडाभरात ती झपाट्याने रिकामी होते, त्यामुळे टोकियोत उतरल्या उतरल्या आधी ती उरकून घ्या.

एक आडवाट सांगते. आसाकुसाला सेन्सोजी मंदिर बघायला तर तुम्ही जाणारच, तिथून सुमिदा नदीच्या कडेने दहा-पंधरा मिनिटं चाललात की मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं मंदिर लागतं. तिथला देव म्हणजे आपला गणपती, जपानमध्ये त्याला शोतेन किंवा कांगीतेन म्हणतात. मूर्ती बघायला मिळत नाही, झाकलेलीच असते, आणि नैवेद्याला मोदकाऐवजी मुळा. पांढरे जाडजूड दाइकोन मुळे ओळीने मांडलेले असतात. पानं बघायला म्हणून ही जागा काही खास नाही, पण गणपतीच्या गावी जाऊन त्याला न भेटता यायचं हे मला तरी पटत नाही.

उशिराच्या दिवसांसाठी खरी जागा म्हणजे कामाकुरा. समुद्राजवळ असल्यामुळे थंडी तिथे उशिरा बसते, आणि क्योटोतली बरीचशी झाडं उतरल्यावरही तिथे रंग असतो. टोकियो स्टेशनपासून योकोसुका लाइनने तासाभराचा प्रवास. उतरायचं मात्र कामाकुराला नाही, त्याच्या आधीच्या किता-कामाकुराला, आणि मग चालत चालत खाली यायचं. स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच एंगाकुजी, १२८२ सालचं झेन मंदिर, पायऱ्यांवरच मेपल सुरू होतात. सकाळी लवकर गेलात तर उन्हाची तिरीप पानांतून येते तेव्हा बघा. तिथून पुढे मेइगेत्सुइन मंदिर. त्याच्या मुख्य खोलीला एक गोल खिडकी आहे, त्यातून मागची बाग दिसते, आणि या दिवसांत ती मागची बागही वेगळे पैसे घेऊन उघडतात. खिडकीसमोर फोटोची रांग असते, रांगेत उभं राहायचं की बागेत फिरायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, मी बाग निवडेन. मग केंचोजी, आणि मग उतारावरून थेट त्सुरुगाओका हाचिमांगू.

हे कामाकुराचं मुख्य श्राईन, म्हणजे शिंतो या जपानी धर्माचं देवस्थान, कामाकुरातून राज्य करणाऱ्या मिनामोतो नो योरितोमोने ११८० मध्ये आत्ताच्या जागी आणलं. वर जाणाऱ्या मोठ्या पायऱ्यांच्या डाव्या बाजूला एक गिंको होता, शेकडो वर्षांचा, तो मार्च २०१० मध्ये वादळी वाऱ्यात आडवा झाला. लोकांनी चक्क हळहळ व्यक्त करायला रांगा लावल्या. आता त्याच्या बुंध्यातून आणि उरलेल्या मुळांतून फुटलेली कोवळी झाडं आहेत, कुंपण घालून जपलेली. बरेच पर्यटक त्यांना ओलांडून थेट वर जातात, तुम्ही जरा थांबा.

दुपारी ताकद उरली असेल तर दोन पर्याय. एक म्हणजे झुइसेनजी, गावाच्या पूर्वेला दरीत लपलेलं, मुसो सोसेकी या झेन भिक्षूची खडकात कोरलेली बाग असलेलं. कामाकुरा स्टेशनहून बसने कामाकुरागू श्राईनपर्यंत जा आणि पुढे चाला. कामाकुरातला रंग सगळ्यात शेवटी इथे येतो. दुसरा पर्याय झेनिआराई बेंतेन. बेंतेन म्हणजे आपली सरस्वती, तिकडे ती पैशांचंही बघते. खडकातल्या बोगद्यातून आत जायचं, थोडे पैसे देऊन टोपली घ्यायची आणि गुहेतल्या झऱ्यात नोटा-नाणी धुवायची, म्हणजे ती वाढतात अशी श्रद्धा. नोट पूर्ण बुडवू नका, कडेला थोडी ओली केली तरी चालते. चढ चांगलाच आहे, गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी टॅक्सी करावी. तिथूनच वर गेन्जियामा पार्क आहे, तिथे फुकटात उशिराचे मेपल मिळतात आणि गर्दीही कमी.

आता क्योटो. इथे लोक चुकतात ते बसमध्ये. सिटी बसला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इतकी गर्दी असते की दादर स्टेशनची सवय असलेला माणूसही वैतागेल, आणि ट्रॅफिकमध्ये अडकते ते वेगळंच. त्यापेक्षा केइहान नावाची खासगी रेल्वे पकडा. एकाच लाइनवर दक्षिणेला फुशिमी इनारी श्राईन, मग तोफुकुजी मंदिर, मग गिओन-शिजो, आणि शेवटचं स्टेशन देमाचियानागी, म्हणजे एका दिवसात दोन-तीन जागा बसशिवाय होतात. फक्त फास्ट गाड्या छोट्या स्टेशनांना थांबत नाहीत, बोर्ड बघून बसा.

सकाळी आधी तोफुकुजी. तिथे दरीवर झाकलेला लाकडी पूल आहे, त्सुतेनक्यो, आणि खाली मेपलचा समुद्र. भर सीझनला या पुलावर थांबून फोटो काढू देत नाहीत, लोकांना पुढे सरकवत नेतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीच दरी अर्धी रिकामी असते, पण खाली उतरून बघितलं तर सगळी जमीन लाल, आणि उभं राहायला जागा मिळते. तिथेच होजोची, म्हणजे मुख्य भिक्षूच्या निवासाची, बाग चुकवू नका, शिगेमोरी मिरेइने १९३९ मध्ये केलेली, शेवाळ आणि दगडाच्या फरशा बुद्धिबळाच्या पटासारख्या आणि कडेला विरत गेलेल्या. पानांच्या नादात लोक तिकडे वळतच नाहीत.

तिथून एका गाडीत देमाचियानागी. स्टेशनबाहेर कामो आणि ताकानो नद्यांचा संगम आहे, नदीत कासवाच्या आकाराचे दगड टाकलेत, त्यांच्यावरून उड्या मारत लोक पलीकडे जातात, पाण्याच्या कडेला चहा-बिहा घेऊन बसतात. दहा-बारा मिनिटं चाललं की तादासु नो मोरी, शिमोगामो श्राईनचं राखीव जंगल. १२ हेक्टरचं आहे आणि १९९४ पासून क्योटोच्या जागतिक वारशात आहे. आपल्या देवरायांना गेलेल्या माणसाला हे वातावरण लगेच ओळखू येईल, देवासाठी राखलेली जुनी झाडं, मधून ओढा, तोडायची परवानगी नाही. मोठी झाडं मेपलची नाहीत, एनोकी, मुकु, केयाकी, ती पिवळी-तपकिरी होतात आणि त्यांच्याखाली आडोशाला वाढलेले मेपल उशिरा लाल होतात. क्योटोतला रंग बहुतेक इथेच शेवटी टिकतो, काही वर्षी तर १० डिसेंबरनंतरही. तिकीट नाही. आत कावाई जिंजा म्हणून छोटं श्राईन आहे, तिथे आरशाच्या आकाराच्या लाकडी पाटीवर आपला चेहरा रंगवून देवीकडे सौंदर्य मागतात, आणि मेकअपचं सामान घेऊन रंगवत बसलेल्या मुलींकडे बघणं हा एक वेगळाच कार्यक्रम असतो. बाहेर पडून मिताराशी दांगो खा, तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला टोचून भाजलेले, वर गोडसर सोया सॉस, याची सुरुवात याच श्राईनच्या तळ्यावरून झाली असं मानतात.

दुसऱ्या दिवसासाठी कितानो तेनमांगू श्राईन. विद्येचा देव, सुगावारा नो मिचिझाने हा खरोखरचा विद्वान होता, मेल्यावर देव झाला, म्हणून परीक्षेच्या आधी विद्यार्थी इथे येतात. आवारात बसलेल्या बैलांचे पुतळे आहेत, आपल्या नंदीची आठवण येते, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि मग स्वतःच्या. १५९१ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने शहराभोवती जो मातीचा तट घातला त्याचा एक तुकडा इथे उरलाय आणि त्याच्यावरच मेपलची बाग आहे, खाली ओढा, ओढ्यावर लाल पूल. ही बाग डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते, त्यामुळे तारीख आधी बघून जा.

एइकांदो, कियोमिझु वगैरे मंदिरांबद्दल सगळीकडे वाचायला मिळेल. एवढंच सांगते की एइकांदोला दिवसाचं तिकीट काढून रात्रीपर्यंत आत थांबता येत नाही, बाहेर काढतात आणि रात्रीची वेगळी रांग लावावी लागते. शिन्न्योदोकडे मात्र सकाळी नक्की जा, तीन मजली पॅगोडा, त्याच्याभोवती पानांचा सडा, आणि आवारात फिरायला पैसे नाहीत.

वेळेचं गणित

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी सांगत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला कामाकुरात साडेचारला आणि क्योटोत पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. डोंगराच्या पायथ्याची मंदिरं तर साडेतीनलाच सावलीत जातात. बहुतेक ठिकाणं साडेचार-पाचला बंद, आणि आत सोडणं त्याच्या अर्धा तास आधीच थांबतं. आपल्या सवयीने दहाला आंघोळ, अकराला नाश्ता असा दिवस काढलात तर तुम्हाला फक्त दोन जागा दिसतील. आठ-साडेआठला पहिल्या गेटवर पोचा, तीनपर्यंत बागा संपवा, आणि संध्याकाळ लायटिंगला किंवा जेवणाला ठेवा. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं, तेव्हा ते पहाटे किंवा अंधारात करा, चांगला उजेड त्याच्यावर खर्च करू नका.

देवस्थानात वागायचं कसं

दारात तोरी, म्हणजे ती चौकट दिसली की ते शिंतो श्राईन. नावाच्या शेवटी जी किंवा देरा आलं की बहुतेक बौद्ध मंदिर. तोरीपाशी जरा वाकून आत शिरा आणि रस्त्याच्या मधोमध चालू नका, मधली वाट देवाची. पाण्याच्या कुंडावर आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, ओगराळं तोंडाला लावायचं नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी ओगराळी काढून नुसती बांबूतून धार सोडलेली असते, तेव्हा हात धुतले तरी चालतं. पेटीत नाणं टाकायचं, ५ येनचं भोकाचं नाणं शुभ मानतात. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडून काय मागायचं ते मागायचं, आणि परत एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसता नमस्कार, तो काही आपल्याला शिकवायला नको.

नोव्हेंबरमध्ये श्राईनमध्ये तीन, पाच, सात वर्षांची पोरं किमोनो घालून आलेली दिसतील, शिचि-गो-सानसाठी. फार गोड दिसतात पण आईबापांना विचारल्याशिवाय फोटो नको. ट्रायपॉड जवळजवळ कुठेच चालत नाही. शेवाळावर पाय अजिबात ठेवू नका, कितीही छान फोटो येणार असला तरी. ते वाढायला वर्षं लागतात आणि माळी लोक हाताने एकेक काडी वेचून ते जपत असतात.

गोशुइन, म्हणजे मंदिराचा शिक्का आणि ब्रशने लिहिलेलं नाव, घ्यायचं असेल तर वही पहिल्याच ठिकाणी घ्या. प्रत्येकाचे ३०० ते ५०० येन, सुट्टे द्या, आणि आधी दर्शन मग शिक्का हा क्रम पाळा.

सामान, कपडे, खाणं

व्हिसा लागतो, आधी काढा. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तिच्या जागेचं रिझर्व्हेशन लागतं. त्यापेक्षा मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवरून कुरिअरने पुढच्या शहरात पाठवा, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचते. रोख येन जवळ ठेवाच, छोट्या मंदिरांत कार्ड चालेल या भरवशावर राहू नका.

सकाळी चार-पाच अंश, दुपारी बारा-तेरा. मुंबईच्या माणसाला हवा सहन होते, पाय होत नाहीत, कारण मंदिरात बूट काढून थंडगार लाकडी फरशीवर चालायचं असतं. म्हणून जाड मोजे, भोक नसलेले, आणि पटकन निघणारे बूट. नाड्यांचे ट्रेकिंग शूज घालून गेलात की दिवसातून दहादा वाकत बसाल. औषधाच्या दुकानात काइरो मिळतात, खिशात ठेवायच्या गरम पुड्या, घेऊन टाका.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, भाजी दिसली तरी रस्सा बहुतेक दाशी नावाच्या अर्काचा असतो आणि दाशीत मासा. तोफू म्हणूनही निर्धास्त होऊ नका. मंदिरांमधलं शोजिन र्योरी हे जेवण मात्र पूर्ण शाकाहारी, महाग असतं पण एकदा घ्या. बाकी भाजलेलं रताळं, चेस्टनट, दांगो आणि आमाझाके हे तांदळाचं गरम गोड पेय यांवर दुपार सहज निघते. ओसाकाजवळ मिनोला गेलात तर मेपलच्या पानांची भजी मिळतात, मिठात मुरवलेली पानं गोड पिठात बुडवून तळलेली. चव म्हणाल तर पिठाचीच.

पोचलात आणि झाडं रिकामी असतील तर

होतं असं. एक जोरदार पाऊस किंवा वारा आला की दोन दिवसांत चित्र बदलतं. तेव्हा वर बघायचं सोडून बागकामाकडे बघा. याच दिवसांत माळी थंडीची तयारी करत असतात. पाइनच्या झाडाच्या शेंड्यापासून फांद्यांना दोऱ्या ताणून छत्रीसारखा तंबू करतात, बर्फाच्या वजनाने फांदी मोडू नये म्हणून, त्याला युकित्सुरी म्हणतात. कानाझावा शहरातल्या केन्रोकुएन बागेत हे काम दर वर्षी १ नोव्हेंबरला सुरू होतं, पण टोकियोत रिकुगिएनमध्येही दिसतं. खोडांना गवताचे पट्टे बांधलेले असतात. साझांकाची गुलाबी फुलं नुकती लागलेली असतात. आणि पुण्याचे असाल, सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान बघितलेलं असेल, तर क्योटोहून शिंकान्सेनने तासाभरात ओकायामाला जाऊन या, तिथल्या ज्या कोराकुएन बागेवरून ते केलंय ती बघता येईल. तिथे मोठमोठी हिरवळ आणि मोकळं आकाश असल्यामुळे पानं गेली तरी बाग ओकीबोकी वाटत नाही.

पावसात गेलात तर दगडी पायऱ्यांवरची गिंकोची ओली पानं फार घसरतात, कठड्याला धरून चाला. आणि गिंकोखाली पिवळसर फळं पडलेली दिसली तर त्यांच्यावर पाय देऊ नका, वास इतका घाण येतो की बूट हॉटेलच्या खोलीत नेता येत नाहीत. हातही लावू नका, अंगाला खाज सुटते. त्याच फळाची बी भाजून मीठ लावून हॉटेलात देतात, ती मात्र मागवून खा.